ड्यूक लॅक्रॉस प्रकरण : पोरं सुटली ती कुणाच्या फायलीमुळे?

केरीकर (धागालेखक)

परवा दुसऱ्या एका धाग्यावर कुणीसं लिहिलं होतं, "सरकारी वकील टीव्हीवर येऊन इतकं छातीठोक सांगतोय, म्हणजे हातात काहीतरी असल्याशिवाय का?" अगदी हेच वाक्य मी 2006 च्या मार्चमध्ये ऑफिसच्या कँटीनमध्ये डबा उघडता उघडता बोललो होतो. म्हणून हा धागा.

तेव्हा मी नॉर्थ कॅरोलायनात डरहॅमला राहायचो, ड्यूक विद्यापीठाच्या ईस्ट कॅम्पसपासून चालत दहा मिनिटांवर. कॅम्पसच्या भिंतीसमोर, 610 नॉर्थ बुकॅनन बुलेव्हार्ड या पत्त्यावर एक पांढरं घर होतं. विद्यापीठाच्या लॅक्रॉस संघाच्या कप्तानांनी ते भाड्याने घेतलेलं. 13 मार्चच्या रात्री तिथे पार्टी झाली आणि एका एजन्सीकडून दोन नर्तिका बोलावल्या गेल्या. नाच पाच मिनिटांत बिनसला, बाचाबाची झाली, बायका निघताना वर्णद्वेषी शेरेबाजी झाली आणि ती शेजाऱ्याने ऐकली. पोरं सोवळी नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो.

नंतर त्या दोघींपैकी एकीने सांगितलं की न्हाणीघरात तिघांनी बलात्कार केला. ती कृष्णवर्णीय, गावातल्याच नॉर्थ कॅरोलायना सेंट्रल विद्यापीठाची विद्यार्थिनी. संघातली 47 पैकी 46 पोरं गोरी. डरहॅमसारख्या गावात याचा अर्थ काय होतो ते वेगळं सांगायला नको. आठवड्या-दोन आठवड्यांत त्या घरासमोर लोक भांडी बडवत उभे राहिले. पोरांचे फोटो छापलेली पत्रकं कॅम्पसभर लागली. मी शनिवारी भाजी आणायला निघालो की वाटेत टीव्हीच्या गाड्यांची रांग.

आणि मग आला माइक निफाँग. जिल्ह्याचा मुख्य सरकारी वकील, डी.ए. तिकडे हे पद निवडणुकीचं असतं. याला 2005 मध्ये राज्यपालांनी नेमलेलं, आणि 2 मे 2006 ला पक्षांतर्गत निवडणूक तोंडावर. प्रतिस्पर्धी तगडी. त्याने मुलाखतींचा सपाटा लावला. बलात्कार झालाय, त्यामागे वर्णद्वेष आहे, पोरं तोंड उघडत नाहीत. एका वाहिनीवर तर गळा कसा आवळला असेल याचं प्रात्यक्षिक स्वतःच्या हाताने करून दाखवलं. माझ्या कँटीनमधल्या वाक्यामागे हे सगळं होतं.

आता गंमत बघा. 23 मार्चला 46 पोरांचे डीएनए नमुने मागताना याच्याच कार्यालयाने कोर्टाला लिहून दिलं होतं की या चाचणीने निरपराध लगेच वगळले जातील. 10 एप्रिलला राज्याच्या प्रयोगशाळेचा निकाल आला. एकाही पोराशी जुळणी नाही. दुसऱ्या दिवशी निफाँग सेंट्रल विद्यापीठातल्या सभेत उभा राहून म्हणाला, प्रकरण संपलेलं नाही. आठवडाभरात रीड सेलिगमन आणि कॉलिन फिनर्टी या दोघांवर ग्रँड ज्युरीने (खटला भरण्याइतपत पुरावा आहे का ते ठरवणारी नागरिकांची मंडळी) आरोप ठेवले. तिसरा डेव्हिड एव्हन्स. त्याच्यावर 15 मे ला, पदवीदान समारंभाच्या दुसऱ्याच दिवशी. मधल्या काळात संघाचा हंगाम रद्द झाला, प्रशिक्षक माइक प्रेसलरचा राजीनामा घेतला गेला आणि निफाँग निवडणूक जिंकला. हजाराच्या आत मतांनी.

सेलिगमनचं काय म्हणणं होतं, तर मी तिथून निघून गेलो होतो. त्याने 12:14 ला टॅक्सी बोलावली. 12:24 ला एटीएमच्या कॅमेऱ्यात त्याचा चेहरा आहे. 12:46 ला वसतिगृहाच्या दारावर त्याचं कार्ड वाजलंय. त्याचे वकील कर्क ऑसबर्न हे सगळं घेऊन निफाँगला भेटायला तयार होते. निफाँगने भेटच दिली नाही.

पुढचं प्रतिसादांत लिहितो, हाताला कळ लागली.

ठोंब्या

आधी सांगा लॅक्रॉस म्हणजे काय? मला वाटलं कपड्यांचा ब्रँड.

केरीकर

@ठोंब्या, लांब काठीच्या टोकाला जाळी असते, तिने रबरी चेंडू झेलायचा आणि फेकायचा. मूळ खेळ तिथल्या आदिवासींचा, पण आता ईशान्य अमेरिकेतल्या महागड्या खासगी शाळांचा. आपल्याकडे पोलो म्हटलं की जे चित्र डोळ्यांपुढे येतं, त्याच्या जरा खालची पायरी. "माजलेली पोरं" हे लोकांना लगेच पटलं त्याचं एक कारण हेही.

अस्मिता_के

धागा चांगला चाललाय, पण एक काळजी बोलून दाखवते. हे प्रकरण वीस वर्षं एकाच कामासाठी वापरलं जातंय. कुठल्याही मुलीने तक्रार केली की दोन मिनिटांत कुणीतरी "ड्यूक आठवतं का?" म्हणून हजर. मी एका महाविद्यालयाच्या अंतर्गत तक्रार समितीवर चार वर्षं काढली आहेत. मुली किती महिने घालवतात समोर येऊन बसायला, ते मी पाहिलंय. धाग्याचा सूर तिकडे जाऊ नये इतकंच.

रिकामटेकडा

पण ताई, ती खोटं बोलली होती हे तर खरं ना? 2024 च्या डिसेंबरमध्ये स्वतः कबूल केलंय तिने, तुरुंगातून दिलेल्या मुलाखतीत.

अस्मिता_के

हो, कबूल केलंय. मी कुठे नाही म्हणते? पण 2006 ची तक्रार पडताळून बघायचं काम कुणाचं होतं? आणि ती तुरुंगात गेली ती या प्रकरणासाठी नाही, नंतरच्या एका खुनाच्या खटल्यात शिक्षा झाली म्हणून. लोक दोन्ही एकत्र शिजवतात.

संपादक मंडळ

तक्रारदार स्त्रीचं नाव असलेले दोन प्रतिसाद काढले आहेत. नाव जालावर सगळीकडे आहे, माहीत आहे. इथे नको.

केरीकर

अस्मिताताईंचा मुद्दा शंभर टक्के मान्य, आणि माझ्या लेखी या प्रकरणाचं मूळही तिथेच आहे. निफाँगने तक्रारदार बाईला "काय घडलं ते सांगा" असं महिनोन्महिने विचारलंच नाही. त्याच्या कार्यालयातल्या माणसाने तिच्याशी त्या रात्रीबद्दल नीट चर्चा केली ती 21 डिसेंबरला. आरोप ठेवून आठ महिने झाले होते! त्या भेटीत तिने काही तपशील बदलले, आणि दुसऱ्या दिवशी निफाँगने बलात्काराचा आरोप मागे घेतला. बाकीचे मात्र तसेच ठेवले. पुढे राज्याचे अटर्नी जनरल रॉय कूपर यांनी चौकशी केली. तेव्हा त्यांच्या माणसांचं मत पडलं की तिने वेगवेगळ्या वेळी सांगितलेल्या वेगवेगळ्या हकिकतींवर कदाचित तिचा स्वतःचाच विश्वास असावा. तिच्यावर खटला भरायचा नाही असं त्यांनी ठरवलं. अशा माणसाची तक्रार हाती आली तर सरकारी वकिलाने आधी काय करावं? निदान समोर बसून ऐकावी.

कोर्टाची_पायरी

साताऱ्याकडचा आहे, फौजदारी बाजूला काम करतो. केरीकर, तुम्ही ओळख परेडीचं लिहिलं नाहीत. आमच्यासारख्यांना सगळ्यात जास्त तेच खुपतं.

केरीकर

त्याच्याकडेच येत होतो.

मार्चमध्ये पोलिसांनी तिला संघातल्या पोरांचे फोटो दाखवले होते, तेव्हा हल्लेखोर म्हणून तिला कुणालाच ओळखता आलं नव्हतं. मग 4 एप्रिलला पडद्यावर एकेक करून 46 फोटो दाखवले. सगळेच्या सगळे लॅक्रॉस संघातले. वर तिला सांगून ठेवलं होतं की हे सगळे पार्टीत होते असं आम्हाला वाटतं. डरहॅम पोलिसांचा स्वतःचा नियम असा की संशयितासोबत प्रकरणाशी संबंध नसलेल्यांचेही फोटो मिसळायचे. इथे मिसळायला कुणी ठेवलंच नाही. म्हणजे परीक्षेत चारही पर्याय बरोबर. तीन बोटं कुठेही ठेवली असती तरी तीन आरोपी मिळालेच असते.

एव्हन्सच्या फोटोवर ती म्हणाली, साधारण नव्वद टक्के खात्री आहे, मिशी असती तर पूर्ण खात्री. एव्हन्सने मिशी कधी ठेवलीच नव्हती. आणि ज्यांना तिने "पार्टीत होता" म्हणून ओळखलं, त्यातला एक पोरगा त्या रात्री डरहॅममध्ये नव्हताच, शेजारच्या रॅली शहरात होता. तिथेच कुणाच्या तरी डोक्यात घंटा वाजायला हवी होती.

घंटा एकाच्या डोक्यात वाजली म्हणा. तपासी अधिकारी बेंजामिन हायमन. निफाँगने आरोप ठेवायचं सांगितल्यावर त्याने विचारलं होतं, "कशाच्या जोरावर?" हे त्याने नंतर वकील परिषदेच्या सुनावणीत शपथेवर सांगितलं. विचारलं, पण काम केलंच. नोकरी होती.

कोर्टाची_पायरी

हेच. आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयाच्या फौजदारी नियमपुस्तिकेत आहे: एक आरोपी असेल तर सोबत निदान सहा जण उभे करा, दोन असतील तर दहा-बारा. दिसायला मिळतेजुळते. परेड दंडाधिकाऱ्याने घ्यायची, पोलिसाने बाहेर थांबायचं. प्रत्यक्षात काय होतं? सहा "मिळतेजुळते" म्हणून तहसील कचेरीच्या आवारातून हाती लागतील ते. माझ्या एका अशिलाच्या उजव्या भुवईवर ताजी जखम होती. शेजारी उभे केलेले सहाही जण ठणठणीत. उलटतपासणीत मी विचारलं, "इतरांच्या भुवईला काही चिकटवलं होतं का?" साहेब म्हणाले, तशी सूचना नव्हती.

नियम तिथेही होता, इथेही आहे.

रिकामटेकडा

बरं, पण शेवटी श्रीमंताची पोरं म्हणूनच सुटली ना? बापांनी लाखो डॉलर ओतले. गरिबाचा पोरगा असता तर वकिलाने सांगितलं असतं, गुन्हा कबूल कर आणि दहा वर्षांवर मिटव.

केरीकर

@रिकामटेकडा, अर्धं बरोबर. दुसऱ्या अर्ध्यासाठीच तर धागा काढला. जरा बैजवार सांगतो.

राज्याच्या प्रयोगशाळेत काही मिळेना, म्हणून निफाँगने नमुने बर्लिंग्टनच्या एका खासगी प्रयोगशाळेकडे दिले. प्रमुख डॉ. ब्रायन मीहान. त्यांची यंत्रं जास्त बारीक. त्यांना बाईच्या अंगावरच्या आणि कपड्यांवरच्या नमुन्यांत अनेक पुरुषांचा डीएनए मिळाला आणि त्यातला एकही लॅक्रॉसवाल्यांचा नव्हता. ही गोष्ट निफाँगला एप्रिलमध्येच कळली होती. मे मध्ये जो अहवाल बाहेर आला त्यात हे वाक्यच नाही. आणि कोर्टाला निफाँग सांगत राहिला, होतं ते सगळं दिलंय.

मग ऑक्टोबरच्या शेवटी कोर्टाच्या हुकुमाने प्रयोगशाळेचे कच्चे कागद बचाव पक्षाला मिळाले. 1800 हून जास्त पानं, नुसते आलेख, आकडे आणि संक्षेप. एव्हन्सच्या बाजूला ब्रॅड बॅनन नावाचा तरुण वकील होता. डीएनएमधलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. त्याने पाठ्यपुस्तक विकत आणलं, शिकला आणि पान न पान वाचलं. वाचता वाचता त्याला ते अनोळखी पुरुष सापडले.

15 डिसेंबरची सुनावणी. निफाँगनेच डॉ. मीहानना आयत्या वेळी साक्षीला आणून उभं केलं. कल्पना अशी की समोरच्यांची तयारी नसणार. बॅनन उठला आणि एकेका पानाचा क्रमांक सांगून विचारत गेला. त्यानंतर सेलिगमनच्या बाजूच्या जिम कूनी यांनी शेवटचा खिळा मारला: सगळे निकाल अहवालात द्यायचे नाहीत हे तुम्ही आणि सरकार पक्षाने मिळून, समजून-उमजून ठरवलं होतं का? मीहान म्हणाले, हो.

निफाँग तिथेच संपला. पंधरवड्याच्या आत वकील परिषदेने त्याच्यावर तक्रार दाखल केली. जानेवारी 2007 मध्ये तो प्रकरणातून बाजूला झाला, 11 एप्रिलला कूपरनी सगळे आरोप काढून टाकले. आणि "पुरावा अपुरा" असं नेहमीचं गुळमुळीत न म्हणता पोरं निर्दोष आहेत असं स्पष्ट सांगितलं. 16 जूनला निफाँगची सनद गेली. वर, 22 सप्टेंबर 2006 च्या सुनावणीत कोर्टाला खोटं सांगितलं म्हणून अवमानाबद्दल एक दिवसाची कैद. होय, एकच दिवस.

आता तुमचा प्रश्न. बॅननला कागद मागता आले ते कुठल्या कायद्याने? सरकार पक्षाने अख्खी फाइल बचाव पक्षापुढे उघडी करायची, हा कायदा नॉर्थ कॅरोलायनात 2004 मध्ये आला. तो आला अ‍ॅलन गेल नावाच्या माणसामुळे. गेल म्हणजे खेड्यातला, फाटका माणूस. 1995 च्या एका खुनासाठी 1998 मध्ये त्याला मृत्युदंड सुनावला गेला. सरकारी वकिलांच्या फायलीत साक्षीदारांचे जबाब होते, की मयताला आम्ही अमुक तारखेनंतर जिवंत पाहिलंय. आणि त्या तारखेनंतर गेल मोटारचोरीच्या आरोपाखाली तुरुंगातच होता. मुख्य साक्षीदार मुलगी फोनवर म्हणते आहे की पोलिसांना सांगायला काहीतरी गोष्ट रचावी लागेल, ही टेपही त्याच फायलीत. यातलं काहीही बचावाला दिलं नव्हतं. वर्षानुवर्षं फाशीच्या कोठडीत काढून 2004 मध्ये फेरखटल्यात तो सुटला. त्याच्या खटल्यातल्या सरकारी वकिलांना मिळाली ती लेखी समज. फक्त समज.

म्हणजे पैसा होता म्हणून 1800 पानं वाचली गेली, हे खरंच. पण पानं हातात पडली ती एका कफल्लक माणसाच्या हालांमुळे. सेलिगमन सुटल्यावर साधारण असं म्हणाला होता की आमच्यासारख्यांना हे लोक असं अडकवू शकतात, तर ज्यांच्यापाशी लढायला काहीच नाही त्यांचं काय करत असतील. पुढे कायदा शिकला तो.

निवांत_पाटील

वाचनखूण साठवली आहे. गेलचं माहीतच नव्हतं.

एक शंका. त्या टॅक्सीवाल्याचं काय झालं? एवढा मोठा साक्षीदार!

केरीकर

पाटीलसाहेब, त्याच्यावर खरं तर वेगळा धागा काढायला हवा. मोएझेल्दिन एल्मोस्तफा, मूळ सुदानचा. सेलिगमनला मी अमुक वेळी गाडीत घेतलं, असं लेखी दिलं बिचाऱ्याने. मे मध्ये पोलिस दारात. अडीच वर्षांपूर्वीचं एक वॉरंट शोधून काढलं होतं. त्याच्या टॅक्सीत बसलेल्या एका बाईने दुकानातून पर्स चोरल्या होत्या, त्यात याचा हात होता म्हणे. अटकेच्या वेळी त्याला विचारलं, लॅक्रॉस प्रकरणात काही नवीन सांगायचंय का? तो म्हणाला, जे सांगितलं तेच. ऑगस्टमध्ये खटला चालला आणि निर्दोष सुटला.

सगळ्या प्रकरणात मला कुणाला भेटायला आवडलं असतं तर याला. पोरांच्या मागे बाप होते, वकील होते. हा रात्रपाळीचा परदेशी ड्रायव्हर, एका अनोळखी गिऱ्हाइकासाठी जबाब बदलला नाही.

अस्मिता_के

हे वाचून गप्प बसले जरा.

अजून एक, प्राध्यापकांचं राहिलं. 88 जणांनी सही केलेली जाहिरात विद्यापीठाच्याच दैनिकात आली होती ना? मी ती तेव्हा वाचली होती आणि मला पटली होती. आज वाचली तर त्यातलं वर्णद्वेषाबद्दलचं बरंचसं अजूनही खोटं वाटत नाही. पण तपास चालू असताना, आपल्याच वर्गात बसणाऱ्या पोरांच्या बाबतीत? ते पचत नाही. दोन्ही एकाच वेळी वाटतं, काय करू.

ठोंब्या

ताई, +1. मी तर पहिल्या प्रतिसादात कपड्यांचा ब्रँड म्हणालो होतो. आता झोप उडाली.

पण पोरांना नुकसानभरपाई काय मिळाली?

केरीकर

विद्यापीठाने तिघांशी 2007 मध्येच तडजोड केली, आकडा गुप्त. डरहॅम शहराविरुद्धचा दावा 2014 पर्यंत रखडला. शेवटी त्यांच्या स्वतःच्या हाती शहराकडून काही पडलं नाही. शहराने 50,000 डॉलर राज्याच्या निरपराधत्व तपासणी आयोगाला द्यायचे, एवढ्यावर मिटलं. तिकडे सरकारी वकिलाला खटला चालवण्याच्या कामासाठी जवळजवळ पूर्ण संरक्षण असतं. 1976 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. त्यामुळे दावा लावायचा तर तो त्याच्या आजूबाजूच्यांवर. निफाँगने तर 2008 च्या जानेवारीत दिवाळखोरीचा अर्जच टाकला.

ते पांढरं घर विद्यापीठाने 2010 मध्ये पाडलं. मी पाडतानाही गेलो होतो बघायला. दोन माणसं आणि एक यंत्र. भांडी वाजवणारं कुणी नव्हतं.

रिकामटेकडा

केरीकरशेठ, शब्द मागे घेतो. अर्धे.

वकीलसाहेब, आपल्याकडे तशी फाइल मागता येते का?

कोर्टाची_पायरी

दोषारोपपत्रासोबतचे कागद मिळतात, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 207, आता नव्या संहितेत 230. अडचण असते ती पोलिसांनी जमा केलेल्या पण दोषारोपपत्राला न जोडलेल्या कागदांची. जबाब घेतलेला असतो, सोयीचा नसतो, तो तसाच कपाटात. सुप्रीम कोर्टाने 2021 मध्ये सांगितलंय की अशा न जोडलेल्या कागदांची निदान यादी तरी आरोपीला द्या. यादी मिळाली की काय मागायचं ते कळतं.

योगायोग बघा, उद्या माझा असाच एक अर्ज बोर्डावर आहे. पोरगा कबड्डी खेळतो, कॉलेजच्या संघात. मारामारीत नाव घातलंय. त्याचं म्हणणं, त्या वेळी मी एसटी स्टँडवर होतो. स्टँडवरचं चित्रीकरण पोलिसांनी नेलं, असं कँटीनवाला सांगतो. दोषारोपपत्रात त्याचा उल्लेख नाही. यादी मागितली आहे. उद्या सांगतो काय होतं ते.

निवांत_पाटील

सांगा नक्की. वाट बघतोय.

कोर्टाची_पायरी

सरकार पक्षाने म्हणणं द्यायला मुदत मागितली. मिळाली. पुढची तारीख 17.